मधल्या वळणावरची लिफ्ट

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, माझ्या आत्याने तिच्या भावाला नऊ पायऱ्या खालून ओवाळले. तिचा भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणतात. आबा बारामतीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात खुर्चीवर बसले होते. आत्या जिन्याच्या मधल्या वळणावर, लिफ्टच्या दारापाशी, स्टुलावर बसली होती. तबक तिच्याच हातात होते. टिळा तेवढा तिच्या वतीने माझ्या बहिणीने वर येऊन लावला.

"आक्का, जरा वर ये की," आबा म्हणाले.

"तू ये खाली. धाकटा तू हायेस."

"मला येता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"मग बस तितंच. देव बी वरच बसतो. खालूनच ओवाळायचं असतंय."

जिन्यातून चाललेले शेजारी तबकाला वळसा घालून गेले.

आत्या सांगवीची. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. ती लिफ्टने येऊ शकते, पायऱ्या चढू शकत नाही. आबांचा उजवा खुबा त्याआधी पावसाळ्यात मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, आणि आता ते वॉकर धरून घरभर फिरतात. सपाट जागेवर त्यांना अडचण नाही. पायरी त्यांना उतरता येत नाही. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, ती चालू असते, पण ती कुठल्याच मजल्यावर उघडत नाही. ती दोन मजल्यांच्या मध्ये, जिना जिथे वळतो तिथे उघडते. तिथून प्रत्येकाच्या दारापर्यंत नऊ पायऱ्या आहेत.

मूळ नकाशात तसे नव्हते.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या अलीकडे. मुलांच्या शाळेसाठी बारामतीत फ्लॅट घ्यायचा, असे आसपासच्या बऱ्याच बागायतदार घरांत काही वर्षांपूर्वी ठरत होते. आमच्या इमारतीतली बहुतेक घरे अशाच ओळखीपाळखीतून एकदम बुक झाली. जागेवर तेव्हा फक्त खड्डा होता आणि पत्र्याच्या शेडमध्ये सँपल फ्लॅट. सगळे जण तो पाहायला गेले. टाइल्सवर हात फिरवले, नळ सोडून पाहिले, पाणी बोअरचे की नगरपालिकेचे ते विचारले. सँपल फ्लॅट जमिनीवर होता. त्यात शिरताना एकही पायरी लागत नव्हती.

नंतर बिल्डरच्या ऑफिसात नकाशा टेबलावर पसरला गेला. मी तिथे होतो. आबा गावात पाणीवाटपाच्या भांडणात पंच म्हणून बसत आलेले, त्यामुळे बोलण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी दोन फ्लॅटच्या मधल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवले.

"हे काय हाय?"

"लॉबी, आबा. लिफ्टमधून उतरलं की हितं यायचं, मग आपापल्या दारात."

"कुणाच्या नावावर?"

"सोसायटीच्या. सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हंजे कुणाचीच न्हाय. रोज दोन मिनिटं उभं राहायला एवढी जागा पड टाकायची?"

ऑफिसात हशा झाला. जमलेल्यांपैकी प्रत्येकाने बांध कोरणारे शेजारी पाहिले होते. पड जमीन कशी जाते, हे कुणाला सांगावे लागत नव्हते. एक जण म्हणाला, "आमच्याकडं सोयरे आले की पंधरा माणसं टेकत्यात. हॉल मोठा पायजे." बिल्डरने दुसरा कागद काढला. लॉबी अर्धी अर्धी करून दोन्ही हॉलला जोडता येईल, लिफ्ट बाहेरच्या भिंतीला, जिन्याच्या वळणावर न्यावी लागेल, असे त्याने सांगितले. पायऱ्यांचा उल्लेख त्याने केला. तो लपवला नाही.

"नऊ पायऱ्या?" आबा म्हणाले. "अहो, आमच्या बांधाला याच्यापेक्षा जास्त चढ हाय."

सगळे हसले, आणि नकाशा बदलून मंजूर झाला. घरे ताब्यात आली तेव्हा आमचा हॉल पाहायला पुण्याहून नातेवाईक आले. त्यांच्या फ्लॅटपेक्षा तो मोठा होता.

मी वर्तमानपत्रात काम करतो. घरांच्या पुरवणीची पाने काही काळ माझ्याकडे होती. तिथे छापायला येणाऱ्या नकाशांत खोल्यांची मापे असत, गॅलरीचे माप असे, ड्राय बाल्कनीचेही असे. दारापासून रस्त्यापर्यंतचा भाग कुणी पाठवत नसे. वाचकांनीही तो कधी मागितला नाही.

आबांना दवाखान्यातून आणले त्या दिवशी चौघा भाच्या-पुतण्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलले. वळण अरुंद आहे. वरच्या दोघांचे खांदे भिंतीला लागले, खुर्ची पुढे कलंडली, आणि आबांनी कठडा धरला. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. घरात आल्यावर ते म्हणाले, "मी काय साखरंचं पोतं न्हाय. परत मला कुणी उचलायचं न्हाय." डॉक्टरांनीही, पुन्हा पडणे परवडणार नाही, एवढेच सांगितले.

त्यानंतर ते घरात आहेत. फिजिओथेरपिस्ट घरी येतो, न्हावी घरी येतो. गावाकडे उसाला तोड आली तेव्हा चुलतभावाने फोनवर फड दाखवला. आबा त्याला सारखे सांगत होते, "मोबाईल खाली धर. माती दाव. वरचं आभाळ काय बघायचंय?" गावी राहायला जावे असा विषय दोनदा निघाला. गावातले घर बैठे आहे. पण तिकडे जायला आधी त्याच नऊ पायऱ्या उतरायच्या, म्हणून विषय तिथेच थांबला.

भाऊबीजेनंतर मी एका इंजिनिअरला बोलावले. त्याने जिना मोजला. कठड्याला सरकती खुर्ची बसवली तर दुसऱ्या माणसाला जायला जागा उरत नाही आणि उतार करायला लांबी नाही, असे त्याने सांगितले. एकच मार्ग होता. लिफ्ट मूळ जागी आणायची, म्हणजे प्रत्येक मजल्यावरच्या दोन्ही हॉलमधून ती जुनी पट्टी परत घ्यायची. लिफ्टचा शाफ्ट तळापासून गच्चीपर्यंत सरळ जातो. मधल्या एका घराने नाही म्हटले तरी तो वर जात नाही. खर्च आम्ही करायला तयार होतो.

सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये झाली. आबांसाठी फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. सेक्रेटरी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी विषय वाचला आणि स्वतःची संमती आधी दिली. "आज आबा हायेत, उद्या आमी हाय," ते म्हणाले. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने टोमणा मारला, "आबा, पड जमीन तुमीच मोडली हुती. आता परत पड पाडायची व्हय?"

फोनमधून आबा म्हणाले, "व्हय. पीक आलं न्हाय म्हणून."

लोक हसले. तेवढ्यापुरते काम होईल असे वाटले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाई उठल्या. त्या आमच्याच भागातल्या, आईच्या माहेरच्या नात्यातल्या. त्या एरवी बैठकीत बोलत नाहीत.

"आमची न्हाय म्हणायची विच्छा न्हाय," त्या म्हणाल्या. "पर त्या पट्टीत आमचं देवघर हाय. सासूबाईंनी जाताना गावाकडचे देवांचे टाक हितं आणून बसवल्यात. घरात दुसरी पूर्वेची भिंत न्हाय."

गुरुजींनी चष्मा पुसला. कुणीतरी, देव्हारा आत बेडरूममध्ये हलवता येईल, असे हळूच सुचवले. बाईंच्या शेजारी बसलेले त्यांचे पती खाली पाहत राहिले.

"आबा, ऐकताय न्हवं?" गुरुजींनी फोनकडे वाकून विचारले.

"ऐकतोय. वहिनी बरोबर बोलत्यात. बसवलेला देव उठवू नगा."

"आबा, मग तुमचं कसं?"

"माझं काय. मी बी बसवलेलाच हाय."

या वेळी फार कुणी हसले नाही. विषय पुढे ढकलला, अशी नोंद झाली. नंतरच्या बैठकीत गळतीचा विषय होता. लिफ्टचा घेतला गेला नाही.

संक्रांतीला आत्या पुन्हा आली. दरम्यान तिचा एक गुडघा जास्तच सुजला होता आणि स्टुलावर बसून उठणे तिला जमत नव्हते. ती गाडीतून उतरली नाही. तिच्या मुलाने तिळगुळाचा डबा वर आणून दिला. गाडी गेटपाशी होती आणि आमची गॅलरी इमारतीच्या मागच्या बाजूला उघडते, त्यामुळे आबांना ती दिसली नाही. दोघे फोनवर बोलले. आत्याने गुडघ्याचे औषध सांगितले, आबांनी तोडीचे सांगितले. मग आत्याच्या मुलाने गाडी वळवली आणि मायलेक सांगवीला गेले.