न वाजलेली घंटा

नट ठरल्या वेळी रंगमंचावर आला नाही, की विंगेतला माणूस घड्याळाकडे पाहू लागतो. नाहीकाकांची उभी हयात तशी पाहण्यात गेली. दूध डेअरीत कॉम्प्युटरसमोर बसून, काय घडलं नाही ते पाहायचं, ही त्यांची नोकरी. नियम सोपा होता: फाटकावरच्या कॅमेऱ्याला टँकर दिसला की घड्याळ सुरू, दहा मिनिटांत कूलिंग सुरू झालं नाही, तर घंटा.

घरीही तेच. बायको एकदा शिंकली की हे घड्याळ हातात धरून दुसऱ्या शिंकेची वाट पाहणार.

"अहो, नाही आली तर काय वॉरंट काढणार आहात?" ती विचारायची.

मग सलग वीस दिवस घंटा वाजलीच नाही. मॅनेजरसाहेब हरखले. दूध आंबल्याच्या तक्रारींचा ढीग त्यांनी गिऱ्हाइकांच्या जिभेवर ढकलला आणि काकांना बोलावलं.

"काका, घंटाच वाजत नाही, तर ती ऐकायला माणूस कशाला? एक तारखेपासून तुमची खुर्ची रद्द."

"साहेब, तो कूलिंगवाला जन्मात कधी वेळेवर आलाय? रोज दोनदा तरी वाजायची. आता वाजत नाही, हीच बोंब आहे!"

"म्हणजे, काही झालं नाही याची तक्रार?"

"तीच तर करतोय एकवीस वर्षं!"

काका तरातरा फाटकावर गेले. टँकर डोंगरासारखा उभा. पण नियमाच्या लेखी तो आलाच नव्हता. टँकर टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर साहेबांनीच हौसेने फलक ठोकून घेतला होता: 'आमच्याकडे सगळं वेळेवर!' टँकर दिसेना, म्हणून घड्याळ सुरू होईना. मग घंटा वाजणार कुठून?

काकांनी फलक उतरवला. बरोबर दहा मिनिटांनी घंटा अशी कडाडली, की कूलिंगवाला एका पायात चप्पल घालून धावत आला.

"काय झालं, काय झालं?"

"काही झालं नाही, म्हणूनच वाजली, बाबा!"

खुर्ची वाचली. काकांनी नवा नियम घातला: दिवसभर घंटा वाजली नाही, तर घंटा वाजवा. साहेब तरी मागे कसे राहतील? त्यांनी वर आणखी एक चढवला: दिवसभरात काकांनी तक्रार केली नाही, तरीही घंटा. त्यावर लक्ष ठेवायला शेजारी दुसरी खुर्ची आली, आणि तिच्यात साहेबांचा मेहुणा. ही घंटा वाजली, तर तिचं कारण लिहून दिल्याशिवाय त्याला सुट्टी नाही.

पाच वाजत आले की तो बिचारा काकुळतीला येतो. "काका, अजून काहीच नाही? दोन शब्द तरी बोला हो!"

काका मनाचे मोठे. पंख्याच्या नावाने जरा कुरकुरतात आणि त्याला वेळेवर घरी जाऊ देतात.