चिखल्याच्या हॉलात केवळरामचं क्लॅरिनेट

चिखल्याच्या खाण वसाहतीतल्या हॉलात भर मैफलीत केवळरामनं क्लॅरिनेट वाजवलं. त्याला कोणी वाजवायला सांगितलं नव्हतं. तो दुसऱ्या रांगेत, श्रोत्यांत बसला होता.

दोष तसा धंद्याचा. मोहाडीच्या बँडमध्ये त्याची बावीस वर्षं गेली. वरातीत पुढच्याचा दम संपला की शेजारच्यानं सूर उचलायचा, चाल रस्त्यावर पडू द्यायची नाही, हा तिथला पहिला नियम. त्या दिवशी तो नाकाडोंगरीचं लग्न वाजवून तसाच लाल कोटात, क्लॅरिनेटसकट हॉलात आला. खाणीत कामाला असलेल्या श्रावणनं, म्हणजे त्याच्या मेहुण्यानं, आग्रह केला होता. बायको सुमनबाई जागा धरून बसली होती.

नागपूरहून तीस वादक आले होते आणि मधोमध प्रतिक्षा नावाची पोरगी चेलो वाजवत होती. माणसाच्या छातीएवढं व्हायोलिन, गुडघ्यांत धरलेलं. वाजवता वाजवता तिनं गज उचलला. सगळे गप्प. केवळरामला वाटलं, पोरीचा दम तुटला. त्यानं परोपकार केला.

हॉल हसला. प्रतिक्षानं मात्र तोच सूर हळूच खाली उतरवून घेतला आणि असा पुढे नेला, की हसणारे आपोआप थांबले. केवळरामनं बाजूला पाहिलं, तर सुमनबाईनं पदर डोळ्यांना लावलेला.

त्यानं शेकडो नवऱ्या वाजवत सासरी लावून दिल्या होत्या. बाप रडले, मामा रडले, एकदा तर घोडीवाला रडला. सुमनबाईचा डोळा कधी ओला झाला नव्हता.

बाहेर चहाजवळ जो तो आपलं मत सांगत होता.

"खदानीत खाली पाणी पाझरते ना, तसा आवाज होता," श्रावण म्हणाला.

"मले तं माय आठवली," श्रावणच्या शेजारची चंद्रभागाबाई म्हणाली.

"अन् भाऊजी, तुमी काहून फुंकलं जी मधातच?" श्रावणनं विचारलं.

"दम तुटला होता तिचा."

"हातानं वाजवते ते. दम कायचा तुटते?"

हे त्याला जास्तच झोंबलं. फुप्फुसं आपण झिजवायची आणि रडवायचं हिनं, तेही खुर्चीवर बसून!

तेवढ्यात प्रतिक्षाच आली. "काका, तुमचा सूर अगदी बरोबर लागला होता. आमचं कसं वाटलं?"

सगळे त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. 'छान' म्हणायला दम लागत नव्हता.

"सांगतो," केवळराम म्हणाला. "घाई कायची आहे?"

तिच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. तो त्यालाही ऐकू येत होता.

घरी परतताना मोटारसायकलवर त्याच्यानं राहवलं नाही. "तिच्या वाजवण्यात रडली तू. माह्या काहून नाही रडत?"

"तुमी वाजवता तवा माहं ध्यान तुमच्या गालावर असते. मानेच्या नसा कशा फुगतात! माणूस पडते का उभा राहते, हेच पाहून राहतो मी. रडू कवा?"

"म्हणजे चाल ऐकतच नाही?"

"नाही जी."

दुसरा कोणी हे ऐकून खूश झाला असता. केवळरामनं मोटारसायकलचा वेग वाढवला.

पुढे श्रावणनं प्रतिक्षाचा नंबर आणून दिला. आठ महिने झाले. बाजाराला निघताना सुमनबाई अजून विचारते, "त्या पोरीले सांगितलं का जी?"

"सांगीन ना," तो म्हणतो आणि क्लॅरिनेट पुसायला घेतो.