धर्मानानांच्या गाठी

बांबू घ्यायच्या आधी धर्मानाना तो जमिनीवर आपटून कान लावायचे. वखारवाला वैतागला तरी यांचं आपलं सावकाश. "किडलेला बांबू बोलत नाय, खोकतो," म्हणायचे.

धर्मानाना कासू गावचे. पेणपासून रोह्यापर्यंत कुठलीही जुनी इमारत दुरुस्तीला निघाली, की परांची बांधायला त्यांनाच बोलावणं जाई. मी पेणचा, ठेकेदाराकडे सुपरवायझर. परांचीची गाठ मी त्यांच्याकडेच शिकलो, तीही अर्धवट. काथ्याचा सुंभ पाण्यात भिजवायचा, ओलाच आवळायचा आणि त्याचं टोक वेढ्यांच्या आत दडवायचं. माझं टोक कायम बाहेर राहायचं. "शेपूट लोंबली तर ती गाठ नाय, म्हैस," हे ते मला चारचौघांत ऐकवत. एका बाबतीत मात्र थट्टा नव्हती. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही, आणि परांची उतरवताना पहिली गाठ ज्याची त्यानेच सोडायची.

रोह्याजवळच्या एका जुन्या चर्चचं छप्पर आतून कुजलं होतं. फरशीखाली कबरी असल्यामुळे फादर जड लोखंडी पाइपांना तयार नव्हते. सत्तरी ओलांडलेले नाना आले, चपला दारात काढल्या आणि आठ दिवसांत आतून उभी परांची बांधली. भिंतीला एकही बांबू टेकवला नाही. "देव कुणाचा का असंना, भिंत म्हातारी हाय. तिच्यावर भार टाकायचा नाय."

शेवटच्या दिवशी चहा आला. माझा ग्लास मला धरवेना, म्हणून मी तो फरशीवर ठेवला. नाना मात्र काठोकाठ भरलेला ग्लास मुठीत धरून निवांत बोलत होते. "नाना, भाजत नाही?" मी विचारलं. त्यांनी हाताकडे पाहिलं. "साखरेच्या दुखण्यानं बोटं मेलीत रं. वरीस झालं. बोलू नको कुठं."

ते गाडीला गेल्यावर मी परांचीवर चढलो. एका आडव्या बांबूला धरलं, तर तो हातात फिरला. सोमवारी त्याच्यावर दोन सुतार चढणार होते.

नानांना सांगायला जीभ रेटत नव्हती. ठेकेदाराला सांगावं तर नानांचं नाव आयुष्यभरासाठी गेलं. बरं, कुठली गाठ सैल आणि कुठली चांगली, हे ओळखण्याइतका मी तयार नव्हतो, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. दुरुस्तीसाठी चर्च बंदच होतं; मी फादरकडून किल्ली घेतली आणि शनिवार-रविवार एकट्याने बसून सगळ्याच गाठी एकेक करून सोडून पुन्हा बांधल्या. हात सोलवटले. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ती चोरीच होती.

तीन महिन्यांनी छप्पर झालं. सुतार धडधाकट उतरले. रीतीप्रमाणे पहिली गाठ सोडायला मी नानांना निरोप धाडला. धाडला नसता तर त्यांनी कारण विचारलं असतं. ते धुतलेला सदरा घालून आले. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडीच होती.

पहिल्या खांबाशी ते थांबले. गाठीतून टोक लोंबत होतं. ते दुसऱ्या खांबाशी गेले, मग तिसऱ्या. वाकून, चष्मा वर करून एकेक गाठ बघत त्यांनी सगळी परांची फिरून काढली. फादर, सुतार, सगळे थांबलेले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

शेवटी नाना माझ्याजवळ आले.

"पडलं नाय ना कुणी?"

"नाही, नाना."

"मग बरं केलंस." त्यांनी वर नव्या छपराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "ह्यात माझी एक तरी ठेवलीस का रं?"

मी नकारार्थी मान हलवली. अख्ख्या परांचीत एक गाठ ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण मला ते सुचलंच नव्हतं.

"सोड मग," नाना म्हणाले, "पहिली तुझी हाय."