पीठ वाळलं ते पुस्तक

आधी शेजारच्या मावशींचं सांगते, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी अजूनही भंडाऱ्याजवळच्या वरठीत किरायाच्या खोलीत दार लोटून गावाकडच्या फोनची वाट बघत बसले असते. प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून त्यांचा निवाडा करणं तर फार लांबची गोष्ट. मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. त्यांची आणि आमची भिंत एक आहे, एवढंच. त्यांच्याकडे मिरची कुटली की शिंका मला येतात.

मी कोकणातली, समुद्राच्या काठची. आठवीत शाळा सुटली. आई आजारी पडली, मी आंब्याच्या कारखान्यात फोडी करायला जाऊ लागले, आणि परत वर्गात जायचं राहूनच गेलं. लग्नानंतर ह्यांना इथल्या पोलादाच्या कारखान्यात काम मिळालं, म्हणून आम्ही रेल्वेत बसलो. गाडी धावतेय, धावतेय, आणि महाराष्ट्र काही संपत नाही. इथं उतरले तर भाषा मराठीच, पण अर्धी कळेना. दुकानदारानं विचारलं, "का पायजे?" मी घाबरून कारण सांगायला लागले, की घरातली साखर संपलीय, पाहुणे येणार आहेत. तो बिचारा "काय पाहिजे" एवढंच विचारत होता. त्यानंतर कितीतरी दिवस मी दुकानात ह्यांनाच पाठवत होते.

माझा स्वभावच तसा. कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघते. कुणी हसलं की मला वाटतं, मलाच हसलं.

तर तो उन्हाळा. मावशी दारात उभ्या राहिल्या. "घरात बसून का करून राहिली वं पोरी? चाल, सरगुंडे कराले ये."

सरगुंडे मी कधी बघितले नव्हते. गव्हाच्या पिठाची बारीक वळी काढायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची आणि अलगद ओढून घ्यायची. पोकळ वेटोळं हातात येतं. ते उन्हात वाळवून ठेवतात आणि शिजवून आंब्याच्या रसात खातात. मावशींच्या छपरीत, म्हणजे आमच्याकडच्या पडवीत म्हणा, त्यांच्या सासूबाई आणि समोरच्या अंगणवाडीच्या वहिनी काड्या घेऊन बसलेल्या. मधे परात, परातीत पीठ, पिठावर ओला कपडा. मी केलेलं पहिलं वेटोळं काडीला चिकटलं, दुसरं तुटलं, तिसरं सासूबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या आजींनी, उचलून उन्हात धरून बघितलं.

"माय वं! हे सरगुंडं हाये का सुतळी?"

सगळ्या हसल्या. माझे कान गरम झाले.

वहिनी वाचनालयातून प्रेमाच्या कादंबऱ्या आणायच्या. त्या दिवशीही एक मांडीवर उघडी होती. पान उलटायचं तर हाताला पीठ. मावशी म्हणाल्या, "वयनी, पुस्तक तिच्याकडं द्या. तिले तसंबी सरगुंडे येत नाही. ती वाचते, आपन करू."

"मावशी, माझं आठवीपर्यंतच झालंय हो," मी म्हटलं. "चुका होतील."

"मंग? प्रेम का नववीत शिकवते?"

मी ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले. जोडाक्षर आलं की अडखळायची. एका पानावर नायकानं नायिकेला जवळ घेतलं, तिथं तर मी वाचायचीच थांबले.

"काहून थांबली?" आजी म्हणाल्या. "पुढचं पान फाटलं का?"

अशी मी त्या छपरीतली वाचणारी झाले. दुपारी जेवणं उरकली की बसायचं, विहारातून वंदनेचा आवाज आला की पुस्तक मिटायचं. सरगुंडे झाले, शेवया झाल्या, पापड झाले, परत सरगुंडे आले, वाचन चालूच राहिलं. मला 'कोकणवाली' असं नाव पडलं, आणि मला ते आवडायला लागलं.

ह्या बायकांची पुस्तक तपासायची तऱ्हा निराळी. मुलगी द्यायच्या आधी मुलगा बघायला जावं, तसा त्या नायक बघायच्या. त्यानं सुंदर डोळ्यांवर चार ओळी म्हटल्या तरी आजी मधेच विचारायच्या, "थे ठीक हाये, पन पोट्टा करते का? मायले फोन तं एक दिवस बी नाही केला त्यानं." वहिनी म्हणायच्या, "आजी, मोठ्या कंपनीत हाये तो." आजी म्हणायच्या, "मंग ऑफिस सोडून हॉटेलात कसा दिसते रोज?" मी पोट धरून हसायची. वाचता वाचता हसू आवरणं हे एक वेगळंच काम होतं.

मग वाचनालयाच्या सरांनी वहिनींजवळ निरोप धाडला. भंडाऱ्यात प्रेमकादंबरीला वाचकांचं बक्षीस द्यायचं ठरलंय. तीन नव्या कादंबऱ्या गावोगावच्या वाचक गटांना देणार, प्रत्येक गटानं आपली एक निवडायची आणि एकीनं येऊन का निवडली ते सगळ्यांसमोर सांगायचं.

"आपन गट हाओ का?" मावशींनी विचारलं.

"आता झालो," वहिनी म्हणाल्या.

पुस्तकांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत, रंगावरूनच चालायचं. निळं पुस्तक म्हणजे दोघांची फोनवरच ओळख, फोनवरच प्रेम, आणि एका गैरसमजानं सगळं पुस्तकभर दोघं रडतायत. आजी वैतागल्या. "एक फोन लावला असता तं पुस्तक कालच सरलं असतं!"

गुलाबी पुस्तक पुण्यातलं. बड्या घरचा मुलगा, नोकरी करणारी मुलगी, थेट समुद्राकाठी थाटामाटात लग्न. ते वाचताना छपरीत नुसता कल्ला. बोलत, हसत, नायकाला टोमणे मारत परातभर सरगुंडे झाले. समुद्र आला तेव्हा मावशींनी मला थांबवलं.

"खरंच दुसरा काठ दिसत नाही त्याले?"

"नाही दिसत."

"मंग पार कुठं बांधली त्याची?"

त्यांनी आयुष्यभर तलाव बघितलेले. तलावाला पार असते, म्हणजे मातीचा बांध, आणि पारेवर आंब्याची झाडं असतात. समुद्राला पार नाही हे त्यांना पटेना. "पायल्याशिवाय मी मानत नाही," म्हणाल्या.

तिसरं राखाडी. बसस्थानकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी एक चाळिशीची बाई. एसटीच्या कार्यशाळेत काम करणारा एक माणूस, बायको गेलेली. तो काही ना काही कागद घेऊन येतो, झेरॉक्स काढून घेतो, जातो. बोलत काहीच नाही. मग ती तापानं आजारी पडते. तो दुकानाची चावी मागून घेतो आणि दुकान उघडतो. त्याला ते यंत्र येत नाही. प्रती उलट्या निघतात, काळ्या निघतात, गिऱ्हाईक ओरडतं, पण तो शटर ओढत नाही. संध्याकाळी तिच्या दारात चावी देतो आणि म्हणतो, "उद्या कोरे कागद आणायला लागतील." आणि जातो.

हे वाचताना कुणी टोमणा मारला नाही, नायक काय करतो ते विचारलं नाही. मला वाटलं, माझं वाचणं रटाळ झालंय, म्हणून सगळ्या कंटाळल्या. मी मान वर केली नाही. आजींनी परातीत हात घातला तेव्हा ओरडल्या, "पीठ वाळलं वं! कपडा काढून कोनं ठेवला?" वहिनी म्हणाल्या मी नाही, मावशी म्हणाल्या मी नाही. पाणी लावून पीठ परत मळावं लागलं.

पुस्तकं संपली, मतं झाली. "गुलाबी," वहिनी म्हणाल्या. "लग्न कसं झालं बाप्पा!" आजी गुलाबी. मावशींनीही मान डोलावली. मीही डोलावली. मग मावशी म्हणाल्या, "भंडाऱ्याले आपली कोकणवाली जाईन. वाचलं तिनं, तं बोलन बी तीच."

बोलायची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मला राखाडी आवडलं होतं. गुलाबी कसं छान ते मी कुठल्या तोंडानं सांगणार? आणि राखाडी म्हटलं तर ह्या म्हणतील, वाचायला बसवली तर डोक्यावर बसली. मग छपरीत कोण बोलवील? परत ती खोली, ते लोटलेलं दार. ह्यांना सांगितलं तर हे हसले. "वरणात मीठ कमी पडलं तरी तू माझी दोनदा माफी मागतेस. तू काय भांडणार?"

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. "पोरी, वरण करपून राहिलं ना तुहं!" आणि पाठोपाठ मावशीच आल्या. मी गॅस बंद केला आणि सगळं सांगून टाकलं.

"मले सांगून का होते?" त्या म्हणाल्या. "छपरीत सांग."

"रागावल्या तर?"

"रागावतीन. मंग? माही सासू माह्यावर लग्न झालं तवापासून रागावून हाये. हाओ ना दोघी एका घरात?"

दुपारी काड्या फिरत होत्या. मी पुस्तक उघडलंच नाही. म्हटलं, "मला एक सांगायचंय. मला गुलाबी नाही आवडलं. राखाडी आवडलं."

"आं?" आजी म्हणाल्या. "थो मुका? एकदा बी तोंडानं बोलला नाही थो!"

वहिनींनी काडी खाली ठेवली. "मंग त्या दिवशी मान काहून हालवली? आमी का तुमाले जबरदस्ती केली?"

माझे डोळे भरले. उठून जावं असं वाटत होतं, पण दारात मावशी बसलेल्या. त्या शांतपणे वळी काढत म्हणाल्या, "वयनी, एक सांगा. पीठ वाळलं, तवा कोनतं पुस्तक चालू होतं?"

"उन्हानं वाळलं थे," वहिनी म्हणाल्या.

"गुलाबीच्या टायमाले ऊन नव्हतं का? तवा तं परात भरली. कोनाचा हात थांबला नाही. अन् थो चाबी द्याले गेला, तवा सगळ्यायचे हात थांबले. माहे बी."

वहिनींनी खाली ठेवलेली काडी उचलली नाही. आजी मात्र काडी फिरवतच होत्या. मग हळूच म्हणाल्या, "माह्या हातातली काडी खाली पडली होती. कोनं पायलं नाही." आणि लगेच आवाज चढवून, "तरी बी माहं गुलाबीच! लग्न पायजे पुस्तकात. फुकट कोन वाचते?"

वहिनींना हसू फुटलं. मग मला, मग सगळ्यांना. ठरलं असं, की मी दोन्ही सांगायचं. वहिनी म्हणाल्या, "आमचं बी सांगा, तुमचं बी सांगा. आमचं आधी सांगजा."

भंडाऱ्याला मावशी माझ्याबरोबर आल्या, नवं लुगडं नेसून. ऑटोत मी सगळा रस्ता काय बोलायचं ते पुटपुटत होते. त्या म्हणाल्या, "देवाले गाऱ्हानं सांगून राहिली का?" सभागृहात बऱ्याच बायका होत्या, लाखनीकडच्याही होत्या. माझी पाळी आली. मावशी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून बोलले. म्हटलं, आमच्या छपरीनं गुलाबी पुस्तक निवडलंय, कारण त्यात लग्न छान आहे आणि ते वाचताना आम्ही फार हसलो. मला राखाडी आवडलंय. ते वाचताना आमचं पीठ वाळलं. मग सरगुंड्यांचं सांगितलं, ओल्या कपड्याचं सांगितलं, आजींच्या काडीचं तेवढं सांगितलं नाही. हॉल हसला. आणि ते हसणं मला लागलं नाही. पहिल्यांदाच.

बक्षीस कुणाला? निळ्याला! परतताना मावशी सगळा रस्ता बडबडत होत्या. "फोन न लावनाऱ्याले बक्षीस! लोकायले का झालं बाप्पा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरातच थांबले. जावं की नाही, ठरेना. तेवढ्यात खिडकीशी आजींची काठी वाजली. "ओ कोकणवाली! पीठ मळून झालं. येऊन राहिली का आमीच वाचू? आमाले तं येत नाही." गेले. वहिनींनी निघताना राखाडी पुस्तक पदराखाली घेतलं आणि कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, "घरी न्याचं हाये. ह्यायले वाचाचं मनतात." त्यांचे मिस्टर पुस्तक वाचत नाहीत, हे साऱ्या वरठीला माहीत आहे.

आता मी दुकानात एकटी जाते. "का पायजे" म्हटलं की साखर म्हणते. गावाकडून फोन आला की आई म्हणते, तुझी बोली बदलली. बदलली असेल. वाचणं मात्र अजून बोट ठेवूनच चालतं.

मावशी, हे तुमच्यासमोर मला म्हणवत नाही, तुम्ही लगेच "जाऊ दे वं" म्हणता, म्हणून इथं लिहिते. एकदा मी तुम्हाला आमच्या गावी नेणार आहे. रेल्वेत खिडकीची जागा तुमची. तिथं समुद्रासमोर खुर्ची टाकून तुम्हाला बसवीन, आणि त्याला पार आहे की नाही ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या दिवशी तुमच्या हाताला पीठ लागू देणार नाही. सरगुंडे मी करीन. सुतळीसारखे झाले तरी खावे लागतील.