आधी विचारपूस, मग काम

टेक्सासमधल्या प्लेनोच्या आमच्या ऑफिसात आज कुणीतरी केनियाच्या कॉफीचं पाकीट फोडलं आणि त्या वासाने मला नैरोबी शाखेतली ती बाई आठवली. सकाळच्या व्हिडिओ कॉलवर ती आधी प्रत्येकाच्या घरची विचारपूस करायची, मग काम. तिकडची रीतच तशी. पुण्यात माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून माझी पाळी आली की ती पहिल्यांदा आईबद्दल विचारायची. शाखाप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती तिलाच मिळणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, कारण शाखा तीच चालवत होती. पण आमच्या बॉसनी, ज्यांना मी गणपतीच्या आरतीला काका म्हणते, तिच्या हाताखालच्या एका पुरुषाला नेमलं. "बाई चांगली आहे गं, पण गप्पा फार. स्पर्धेत टिकायला धार लागते." "काका, तो तर तुमच्याशी अर्धा तास फुटबॉलवर बोलतो." "ते नेटवर्किंग," ते हसले, "आणि तू आता ही बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटणं बंद कर." मी लेखी विरोध नोंदवला. काही झालं नाही. पुढच्या कॉलवर तिचा चेहरा अगदी कोरा होता. "आकड्यांपासून सुरू करू," ती म्हणाली. आईचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं आणि ते तिला सांगायला मी माइक आधीच सुरू करून बसले होते. मी तो बंद केला. आज ती कॉफी प्यायले. गरम होती, एवढंच कळलं.