चौथ्या घराचं दार

तारापूरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात लाडकीला तोंड होतं, पण पंचायतीत नव्हतं. देवळापुढच्या ओट्यावर पुरुष बसत, बायका दगडी गडग्याबाहेर उभ्या राहत. विधवेचं म्हणणं तिच्या दिरानं आत मांडायचं, असा रिवाज. लाडकीचा दीर विश्राम तिचे शब्द घेऊन आत जाई. गडगा ओलांडेपर्यंत अर्धे गळत, उरलेले तो मान खाली घालून गिळी.

त्या साली अणुभट्टीचं बांधकाम जोरात होतं. वाड्यातल्या बायका जिथे बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळवत, ती जागा एका ठेकेदाराला खडी टाकायला हवी होती. नवशा पाटील त्याला हो म्हणायच्या बेतात होता. लाडकीकडे होडी नव्हती. तिचं पोट त्या काठ्यांवरच टांगलेलं होतं.

सरावलीच्या बाजूला राहणाऱ्या दुबोआ साहेबाला ती मासळी द्यायची. म्हातारा फ्रेंच इंजिनियर. कामगारांकडून उचललेली हिंदी तो बोले. लाडकीची बोली त्याला आता कळू लागली होती. एका सकाळी त्याच्या ओट्यावर पांढऱ्या चामड्याचा, निळ्या काठाचा एप्रन उन्हात पडलेला तिला दिसला.

"साहेब, रांधायला लागला काय? चामड्याला मासळीचा वास धरला तर मग जायचा नाय हां!"

साहेब इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. मग त्यानं सांगितलं, हा स्वैपाकाचा नव्हे, फ्रीमेसनांचा. गवंड्यांची हत्यारं खुणा म्हणून मिरवणारा तो एक बंधुसंघ. सभेला बसताना हा कमरेला बांधायचा. पण त्याच्या देशात तो संघ फुटून त्याची वेगवेगळी घरं झाली होती. एका घरात देव मानल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. दुसरं साहेबाचं, त्या घरानं देवाची अट कधीच काढून टाकली, म्हणून पहिलं घर त्याला घरच म्हणत नाही. तिसऱ्यात बायका-पुरुष शेजारी बसतात. चौथं नुसतं बायकांचं. आत काय चालतं ते साहेबानं सांगितलं नाही.

"बायकांना कोनी बसू दिला?"

"पहले मर्दों के नीचे थीं. फिर अपना दरवाज़ा बनाया. मेरी औरत उधर है. मैं बाहर खड़ा रहता. बुलाया तो अंदर."

लाडकी रिकामी पाटी तशीच काखेत धरून उभी राहिली. एवढा मोठा साहेब, बायकोच्या दाराबाहेर उभा!

पुढच्या बैठकीत विश्राम उठला, खाकरला आणि खाली बसला. पाटील म्हणाला, "मग ठरलं. खडी पडू दे."

लाडकी गडगा ओलांडून आत गेली.

"ए, बाहेर!" पाटील ओरडला. "तुझा दीर हाय ना इथं?"

"हाय. त्याची जीब घरी राहिली."

कोणीतरी हसलं. पाटील नाही हसला. "बायका बसायला लागल्या तर पंचायत ऱ्हायल काय ही?"

"ही तुमची तुमाला ऱ्हाऊ दे," लाडकी म्हणाली. "आमी आमची करतो."

ती वळली. गडग्याबाहेरच्या बायका तिच्यामागून निघाल्या. काशीबाई सगळ्यांत थोरली. तिनं वाळवणाच्या जागेभोवती जुनं जाळं बांधलं आणि एका बाजूला माणूस शिरेल एवढी वाट ठेवली. त्या वाळूत त्यांची पहिली बैठक झाली. ठराव एकच: जागा ठेकेदाराला देणार नाही असं पाटील कबूल करीत नाही, तोवर कोणाचाही बोंबील काठीवर चढणार नाही.

पाटील जाळ्यापाशी येऊन म्हणाला, "बायकांची पंचायत! कोन मानल हिला?"

"तुमी नका मानू. न मानल्यानं घर पडत नाय."

दुसऱ्या दिवशी होड्या भरून आल्या. बोंबलांच्या पाट्या किनाऱ्यावर उन्हात तापू लागल्या. पुरुष पाट्यांकडे बघत होते, पाट्यांमधून पाणी गळत होतं. शेवटी विश्राम भराभर चालत जाळ्याजवळ आला आणि त्यानं आत पाय टाकला.

"थांब," लाडकी म्हणाली. "बोलावल्याबिगर नाय."

"वहिनी, मासळी सडतेय! पाटलानं सांगून धाडलंय, जागा..."

"बाहेर उभा ऱ्हा. तुझं म्हननं काशीबाई आत सांगल."

विश्रामनं पाय मागे घेतला. काशीबाई सावकाश उठली, त्याच्यापाशी गेली आणि तिनं कान पुढे केला.