मावशीने पाटी टेकली तेव्हा

देवीपुढे उभं राहून त्या सकाळी मी काहीच मागितलं नाही. मागायची हिंमतच उरली नव्हती.

कैनाडच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शेवटच्या वर्षी आमच्या गटाने डोंगरावरच्या पाड्यांत पाण्याचे पिंप चढवायला एक छोटी गाडी बनवली. खडकाळ वाटेवर पाणी सांडू नये म्हणून साध्या स्प्रिंगऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन बसवायचं, हा हट्ट माझा. एखाद्या बाजूवर वजन पडलं की पंपाने तेल भरून ती बाजू उचलायची आणि वजन उतरलं की तेल टाकीत सोडून खाली यायची, अशी रचना होती. गाडी तयार झाली, पण डावीकडे कललेली.

मी डाव्या बाजूच्या मागे लागले. सील बदलले, पाइप तपासले, तेल भरलं. तेल भरलं की गाडी सरळ व्हायची आणि जरा चालवली की पुन्हा डावीकडे. गटातली मुलं म्हणायची, हिची गाडी नव्या नवरीसारखी मान वाकडी करून उभी राहते. मीही हसायचे, पण मनात वाटायचं, इतरांची कामं नीट झाली, माझंच खाली राहिलं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की अशी गाडी पिंप भरून चढावर नेली तर उलटेल. तलासरीच्या एका पाड्यावर होणाऱ्या चाचणीआधी सरळ झाली नाही तर तुझं सस्पेन्शन काढू आणि स्प्रिंग बसवू. स्प्रिंगा टेम्पोत ठेवल्याही होत्या. त्या चाचणीला बाबा येणार होते. मी काय शिकते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गावात नुसतं सांगायचे, पोरगी यंत्रांचं शिकते.

तलासरीला जाताना वाटेत महालक्ष्मीची यात्रा भरली होती. सरांनी दर्शनासाठी टेम्पो थांबवला आणि मला शेवटचा प्रयत्न करता यावा म्हणून गाडी मैदानात उतरवून घेतली. देवळात मी हात जोडले आणि आतून एवढंच आलं, "आई, माझ्याकडून होत नाही. तुझी मर्जी." मग बाहेर येऊन इंजिन चालू केलं आणि सवयीने पुन्हा डाव्या बाजूला जाऊन बसले.

तेवढ्यात समुद्रकाठच्या वरोरची एक मासेवाली मावशी सुक्या बोंबलांची भरगच्च पाटी डोक्यावर घेऊन गर्दीतून आली. तिला पाटी उतरवायला जागा मिळत नव्हती.

"पोरी, जरा टेकू का गं इथं? मान मोडली माझी."

मी मान हलवली. तिने पाटी गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर टेकली, पदराने घाम पुसला, पाणी प्यायली आणि मला न्याहाळत म्हणाली, गाडी तुझी ना, मग तोंड का असं सुकटासारखं? मला हसू आलं. पाटीखाली उजवी बाजू दबून पंपाच्या जोरावर वर आली होती. तसंच व्हायला हवं होतं. मग मावशीने पाटी उचलली. उजवी बाजू बोटभर उंच झाली आणि तिथेच राहिली. मी वाट पाहिली. ती खाली आलीच नाही. गाडीचा कल आणखी वाढला.

"मावशी, परत ठेवता का?"

"आत्ताच तर उचलली. हमाल समजलीस का मला?" असं म्हणत तिने पाटी ठेवली, उचलली. उजवी बाजू आणखी वर. मग माझ्या विनंतीवरून डाव्या कोपऱ्यावर. तिथे पाटी उचलल्यावर गाडी जराशी वर आली आणि हळूहळू आपल्या जागी खाली बसली.

डावी बाजू इतके दिवस आपल्या ठरलेल्या उंचीवरच परत येत होती आणि मी तिलाच आजारी समजत होते. अडकली होती ती उजवी. तिला तेल घेता येत होतं, सोडता येत नव्हतं.

मी सरांकडे गेले. एरवी मी प्रत्येक वाक्याआधी 'कदाचित' म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही.

"सर, डावी बाजू बरोबर आहे. उजवी उघडूया."

उजव्या बाजूचा, तेल टाकीत परत नेणारा पाइप उघडला. जोडाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचा एक चुरगळलेला तुकडा आत अडकला होता. तो काढला, जोड आवळला, आत शिरलेली हवा काढली. इंजिन चालू करताच उजवी बाजू सावकाश खाली आली आणि गाडी सरळ उभी राहिली. मुलांनी शिट्ट्या मारल्या. मी वळून पाहिलं तर मावशी गर्दीत निघून गेली होती.

तलासरीच्या चढाखाली बाबा धुतलेला सदरा घालून उभे होते. गाडीवर पिंप चढवल्यावर त्यांनी पाणी भरायला खाली आलेल्या पाड्यावरच्या एका बाईकडून काठोकाठ भरलेली कळशी घेतली आणि स्वतःच्या हाताने गाडीवर ठेवली. गाडी दगडांवरून डुलत वर निघाली, बाबा तिच्या बाजूने चालत राहिले, नजर त्या कळशीवर. वर पोचल्यावर पाड्यावरच्या बायका गाडीभोवती जमल्या. बाबांनी कळशीत वाकून पाहिलं.

"चार थेंब सांडले," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "डोक्यावरून आणताना जास्त सांडतं."

स्प्रिंगा टेम्पोतच राहिल्या.

यात्रा संपायच्या आत मी बाबांना घेऊन पुन्हा देवीला गेले. मावशी बाजारात भेटली. मी सगळं सांगितलं तर ती खळखळून हसली. "अगं, मान दुखली म्हणून टेकली. देवीचं नाव कशाला?" बाबांनी तिच्याकडून बोंबील घेतले. कोणी याला योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही, मावशीशीही घातला नाही. मला इतकंच कळतं की जोवर सगळं मीच धरून बसले होते तोवर मला खाली गेलेली बाजूच दिसत होती. देवीपुढे हात रिकामे केले, तेव्हा कुणीतरी येऊन दुसऱ्या बाजूला पाटी टेकली.

त्या दिवशी बाबांनी नारळ फोडला आणि मी पायरीवर डोकं टेकवलं. मान हलकी होईपर्यंत उचललं नाही.